विहिणींची कुस्ती

छुसोकचा सण तोंडावर आला की मल्सुनच्या गिरणीला दम खायला फुरसत नसायची. गावातल्या एकूणएक घरचा तांदूळ तिच्याकडे यायचा. रात्रभर भिजवलेला, सकाळी उपसलेला, टोपल्यांतून टपटप निथळत आलेला. त्याचं पीठ घरोघरी जायचं आणि त्याचे अर्ध्या चंद्रासारखे, सारण भरलेले सोंगप्यन वळले जायचे. मल्सुन आता साठीला टेकली होती, पण पिठाची गोणी उचलताना कुणी हात लावायला आलं की भडकायची. "सरक बाजूला. हात अजून शाबूत आहेत माझे."

गाव ग्योंगजू शहरापासून फार लांब नाही. मधून ओढा वाहतो. अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची. मल्सुनची गिरणी वरच्या आळीत, आणि तिची विहीण बुन्नाम हिचा गोठा खालच्या आळीत. बुन्नामची एकुलती एक मुलगी आरम ही मल्सुनच्या एकुलत्या एका मुलाला, जिन्गूला दिलेली. दोघं उल्सान शहरात राहायची, मोटारींच्या कारखान्यात नोकरीला.

त्या वर्षी गावप्रमुख दाल्होनं छुसोकच्या आधी भोंग्यावरून हाक देऊन सगळ्यांना गावच्या हॉलमध्ये बोलावलं. दाल्होला माईक हातात आला की सुटायचा नाही.

"मंडळी, हा सण कुठला? आपल्याच मातीतला! शिल्ला राज्याची राजधानी इथे, आपल्या दाराशी. युरी राजानं राजधानीतल्या बायकांचे दोन गट पाडले. दोन राजकन्या दोन गटांच्या म्होरक्या. महिनाभर कातायचं, विणायचं, आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला निकाल. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना मेजवानी द्यायची. तिथून आपला छुसोक सुरू झाला, असं सांगतात. आणि आता काय राहिलंय? पोरं तासन् तास गाड्यांच्या रांगेत अडकून येतात, डबाबंद हॅमचा खोका हातात देतात, जेवतात, झोपतात आणि परत जातात!"

"झोपतात कोण?" मागून एक बाई ओरडली. "बाप्ये झोपतात. आम्ही भांडी घासतो."

हॉलमध्ये हशा पिकला. दाल्हो थोडा गडबडला, पण माईक सोडला नाही. "म्हणूनच म्हणतो, यंदा जुनी चढाओढ परत सुरू करू. वरची आळी विरुद्ध खालची आळी. हरलेल्या आळीनं अख्ख्या गावाला जेवण घालायचं. हरलेल्या आळीतल्या सगळ्यांनी. बाप्येसुद्धा."

आता बायका सरसावून बसल्या.

"पण चढाओढ कसली? विणतंय कोण आता? माझ्या सुनेचे मोजेसुद्धा फोनवरून येतात."

"सोंगप्यन वळायची लावू की," दाल्हो म्हणाला.

"शी! वर्षभर रांधतो ते पुरत नाही होय? खेळपण स्वैपाकाचाच?"

आणि मग मागच्या भिंतीला टेकून बसलेली बुन्नाम, जिचा आवाज गेल्या हिवाळ्यात नवरा गेल्यापासून गावानं फारसा ऐकला नव्हता, सावकाश म्हणाली, "कुस्ती लावा. बायकांची."

 मल्सुननं झटकन मान वर केली. लहानपणी माहेरच्या गावी छुसोकला नदीकाठच्या वाळूत कुस्त्या व्हायच्या. जिंकणाऱ्याला बैल मिळायचा. ती बांधावर बसून ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची, आणि वाळूत पाय टाकला की कुणीतरी पोरींना हाकलून द्यायचं. ती काय बोलते आहे हे तिला कळायच्या आत ती उभी राहिली होती.

"वरच्या आळीकडून मी!"

तिचा नवरा थेशिक शेजारीच बसला होता. त्यानं तिची बाही ओढली. "अगं, खाली बस."

"खालच्या आळीकडून मी," बुन्नाम म्हणाली.

सगळ्या हॉलनं 'ओ हो हो' केलं. विहिणी विहिणींची कुस्ती! इथे विहिणी म्हणजे एकमेकींसमोर गुडघे मोडून बसायचं, दोन्ही हातांनी पेला द्यायचा, आवाज चढवायचा नाही. दाल्होला तर इतका आनंद झाला की माईक त्याच्या हातून पडला.

ह्या दोघी नेहमीच अशा अवघडून वागणाऱ्या नव्हत्या. एकाच शरद ऋतूत दोघी नव्या नवऱ्या म्हणून ह्या गावात आल्या, एकाच ओढ्यावर धुणी बडवली, सासवांची उणीदुणी काढली. एकदा तर कोबी विकायला जातो म्हणून सांगून ग्योंगजूला जाऊन सिनेमा बघून आल्या आणि कोबी तसाच परत आणला. एकमेकींना नावानं हाक मारायच्या, तू-तू म्हणायच्या. मग मुलांनी एकमेकांना पसंत केलं. दोघी खुशीनं नाचल्या, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी 'विहीणबाई' झाल्या. तेव्हापासून चार वर्षं सणाला एकीकडून नासपत्यांची पेटी जायची, दुसरीकडून गोमांसाची यायची, पेट्यांचा आकार दर वर्षी वाढायचा, पण ओढा ओलांडून सहज कुणी जात-येत नव्हतं. बुन्नामचा नवरा गेला तेव्हासुद्धा मल्सुन काळे कपडे घालून गेली, वाकली, सार प्यायली आणि विहिणीनं जास्त वेळ थांबू नये म्हणून परत आली. स्वैपाकघरात जाऊन बाह्या सरसावाव्यात असं फार वाटलं होतं. पण ते घर आता मैत्रिणीचं नव्हतं, सुनेच्या माहेरचं होतं.

हॉलमधल्या त्या बैठकीनंतर चारच दिवसांनी बुन्नाम तांदळाची टोपली घेऊन गिरणीवर आली.

"विहीणबाई, कामात आहात का?"

"या ना विहीणबाई. बसा. पीठ बारीक काढू ना?"

"बारीकच काढा. तुमचे हात दुखत नसतील तर."

"माझे हात कशाला दुखतील? तुमचे गुडघे कसे आहेत? गाई-वासरांच्या मागे धावून झिजले असतील."

"छे हो. वासरू लोळवायचं म्हणजे गुडघे लागतातच. परवाच एक लोळवलं. तुमच्याएवढंच होतं वजनानं."

मल्सुननं गिरणी सुरू केली. पांढरं पीठ भुरुभुरु पडायला लागलं. त्या आवाजात बुन्नाम थोडी पुढे झाली.

"विहीणबाई, एक पैज लावू या का? आपल्या दोघींची. आळीची वेगळी, ही वेगळी."

"कसली?"

"छुसोकच्या सकाळी पोरं आधी कुणाच्या घरी जाणार, त्याची. कुस्ती जिंकेल तिच्या."

मल्सुनचा हात टोपलीवर थांबला. सणाच्या सकाळी मुलगा-सून मुलाच्या आईबापांकडे असतात, पितरांचं ताट मांडतात, आणि दुपारनंतर सुनेच्या माहेरी जातात. ह्यात बदल करायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. बुन्नामच्या घरी यंदा पहिल्यांदा तिच्या नवऱ्यासाठी ताट मांडलं जाणार होतं. तिला मुलगा नव्हता, दीर नव्हते. ती एकटीच वाकणार आणि एकटीच त्याच्यासाठी मद्याचा पेला भरणार होती.

बुन्नामनं यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. नुसती टोपलीचा कान धरून उभी होती. मल्सुननं 'तसंच घेऊन जा हो पोरांना' म्हटलं असतं तर तिला ते कधीच खपलं नसतं, हे मल्सुनला तिच्या मानेच्या ताठपणावरून दिसत होतं.

"लागली पैज!" मल्सुन म्हणाली. "पण विहीणबाई, हरलात तर रडायचं नाही हां."

"रडले तर गाईला पाजेन ते पाणी," बुन्नाम म्हणाली, आणि पीठ घेऊन चालती झाली.

थेशिकला कळलं तेव्हा त्यानं भाताचा वाडगा खाली ठेवला. "पितरांच्या ताटासमोर एकुलता एक मुलगा नाही? माझे काका काय म्हणतील?"

"तुमचे काका सोलमध्ये आहेत. फोनवर म्हणतील काय म्हणायचं ते. आणि मी हरणार म्हणून धरूनच चाललात काय? उठा, पट्टा बांधा."

"मी?"

"मग काय गोणीला बांधू? गोणी ढकलत नाही उलटी."

गिरणीमागच्या अंगणात थेशिकनं नदीची वाळू पसरली. रोज काम आटोपलं की दोघं एकमेकांच्या कमरेचा नि मांडीचा पट्टा धरून, खांद्याला खांदा लावून गुडघ्यावर बसायची आणि एकदम उठायची. मल्सुन नवऱ्याला पोटावर घेऊन उचलायची आणि वाळूत सोडायची. पहिल्या दिवशी थेशिक ओरडला, दुसऱ्या दिवशी कण्हला आणि आठवड्याभरानं चक्क सल्ले द्यायला लागला. "पाय जवळ घेतेस तू. रुंद ठेव. रुंद!" संध्याकाळी फोनवर जुन्या कुस्त्या बघत दोघं भात जेवायची आणि भात गार व्हायचा. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याशी इतकं बोलायला विषय असतो हे मल्सुनला नव्यानंच कळलं. रात्री पडल्या पडल्या तिचे पाय पांघरुणात आपोआप डाव टाकायचे.

जिन्गूचा फोन आला. "आई, डोकं फिरलंय का तुझं? कंबर मोडेल!"

"मोडली तर तुझ्या सासूची मोडेल. आरम कुठाय? दे तिला."

आरम फोनवर आली ती हसतच. "आई, मी कुणाच्या बाजूनं ओरडू? इकडून पण आई, तिकडून पण आई."

"तू पाणी दे दोघींना. पण मला आधी."

छुसोकच्या आदल्या दिवशी दुपारी आकाश असं निळंशार होतं की बघत राहावं. शेतं पिवळी पडली होती आणि टेकडीवरच्या थडग्यांवरचं गवत ताजं कापलेलं, त्यांचे उंचवटे गोल गोल दिसत होते. गाड्या एकामागून एक गावात शिरत होत्या. ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत दाल्होनं वाळूचा गोल आखाडा केला होता. एका बाजूला वरची आळी ढोल घेऊन, दुसऱ्या बाजूला खालची आळी झांजा घेऊन. मधे जमिनीवर पोरीबाळी, कुत्री, फोन वर धरलेले जावई. शहरातून आलेल्या सुना सासवांना मागे टाकून पुढे येऊन बसल्या होत्या.

प्रत्येक आळीच्या तीन बायका. पहिली कुस्ती वरच्या आळीनं जिंकली. टपाल वाटणाऱ्या बाईनं समोरचीला इतक्या लवकर खाली घेतलं की ढोलवाला वाजवायचंच विसरला. दुसरी खालच्या आळीनं घेतली. आता सगळं शेवटच्या जोडीवर. तीनपैकी दोन फेऱ्या घेईल तिची आळी जिंकणार.

मल्सुन कमरेला लाल पट्टा बांधून वाळूत उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. अनवाणी पायांखाली वाळू गरम होती. एवढ्या वर्षांनी का होईना, वाळूत पाय पडला होता, आणि हाकलून द्यायला कुणी नव्हतं. समोरून निळ्या पट्ट्यातली बुन्नाम आली. ठेंगणी, रुंद, खांदे पाडलेली.

"विहीणबाई," बुन्नाम वाकली.

"विहीणबाई," मल्सुन वाकली.

लोक हसून हसून लोळायला लागले.

दोघी गुडघ्यावर बसल्या, पट्टे धरले, गालाला गाल लागले. बुन्नामच्या केसांना गवताचा आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता. शिट्टी वाजली. मल्सुननं विचार करायला वेळच घेतला नाही. पिठाची गोणी उचलावी तशी कंबर खाली नेली, पोट पुढे घेतलं आणि बुन्नामला अख्खी उचलली. क्षणभर विहिणीचे पाय हवेत लाथा झाडत होते, आणि मग धप्प. वाळू उडाली. वरच्या आळीचा ढोल फुटतो की काय असा वाजला. थेशिक दोन्ही हात वर करून नाचत होता. "गोणी! गोणी! मी शिकवलंय ते!"

दुसऱ्या फेरीत मल्सुन पुन्हा उचलायला गेली आणि तिथेच फसली. बुन्नाम तिच्या वर येण्याचीच वाट बघत होती. तिनं आतून पाय घातला, मल्सुनच्या पोटरीला आकडा लावला आणि खांद्यानं रेटलं. आकाश एकदम समोर आलं आणि पाठीखाली वाळू. खालच्या आळीच्या झांजा कानठळ्या बसवायला लागल्या. कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "वासरू लोळलं!"

आरम पाण्याची बाटली घेऊन धावत आली. आधी सासूपाशी. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आई, लागलं का?"

"काही नाही. तुझी आई लबाड आहे."

"माहितीय. लहानपणी मलाही असंच पाडायची." मग ती खाली वाकून हलकेच म्हणाली, "आई, एक सांगू? दया-माया दाखवू नका. तिला कळेल. मग ती सणभर जेवणार नाही."

"दया?" मल्सुन तोंड पुसत उठली. "मी? तुझ्या आईला?"

पण मनात कुठेतरी तो विचार चाटून गेला होता, हे खरं. सुनेनं तो ओळखला म्हणून तिला थोडी लाज वाटली, आणि मग तो विचार गेलाच.

तिसरी फेरी. पट्टे धरले. ह्या वेळी बुन्नामचं तोंड तिच्या कानाशी होतं. शिट्टीच्या आधी त्या तोंडातून शब्द आले, बारीक, धापा टाकत.

"मल्सुन. हात जरा जरी ढिला सोडलास ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

मल्सुन! चार वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. गावात ती जिन्गूची आई होती, गिरणीवाली होती, विहीणबाई होती. 

"बुन्नाम," ती दात दाबून म्हणाली, "आज तुला ओढ्यात फेकते."

शिट्टी वाजली.

ती फेरी किती वेळ चालली ह्यावर नंतर गावात पुष्कळ वाद झाले. दोघी उठल्या त्या एकमेकींत रुतूनच. मल्सुननं उचललं, बुन्नाम खाली बसली. बुन्नामनं पाय घातला, मल्सुननं काढून घेतला. दोघी गोल गोल फिरत आखाड्याच्या कडेला गेल्या, शिट्टी झाली, पुन्हा मधे आल्या, पुन्हा धरलं. घाम डोळ्यांत जात होता. ढोल आणि झांजा आता एकाच तालात वाजत होते आणि कुणाच्या बाजूनं वाजतात ते कुणालाच कळत नव्हतं. दाल्हो माईकमध्ये नुसता "अरे! अरे! अरे!" करत होता.

मल्सुनला अचानक जागा दिसली. बुन्नामचा उजवा पाय पुढे होता. तिनं सगळा जीव एकवटून उचललं. बुन्नाम वर आली, पण वर येता येताच तिनं तो पाय मल्सुनच्या मांडीमागे गुंडाळला, हवेतच अंग वळवलं, आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून एखाद्या ओंडक्यासारख्या आडव्या पडल्या.

 मग एकदम दोन्ही आळ्या वाळूत.

"आमची जिंकली!"

"डोळे फुटले का? आमची वर होती!"

"वर होती म्हणजे काय? खांदा कुणाचा आधी टेकला?"

दाल्होनं जावयांचे फोन गोळा केले. वाळूत उकिडवे बसून सगळे पडद्यांवर वाकले. सावकाश, आणखी सावकाश. दोघी म्हाताऱ्या हवेत, दोघींची तोंडं उघडी. मल्सुनचा डावा खांदा वाळूला लागला तेव्हा बुन्नामचं कोपर अजून बोटभर वर होतं.

"निळा पट्टा!" दाल्हो ओरडला. "खालची आळी!"

मल्सुन वाळूतच बसून होती. हरल्याचा राग आला होता, आणि हसू थांबत नव्हतं. दोन्ही एकदम. केसांत, कानांत, दातांत वाळू. बुन्नामनं हात पुढे केला तेव्हा तिनं तो धरला, आणि उठता उठता तिला परत खाली ओढली. दोघी पुन्हा पडल्या. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"पोरं सकाळी माझ्याकडे," बुन्नाम धापा टाकत म्हणाली.

"घेऊन जा. पैज ती पैज."

बुन्नामनं मान वळवली आणि बराच वेळ ओढ्याकडे बघत डोळ्यांतली वाळू पुसत राहिली.

सणाच्या सकाळी जिन्गू आणि आरम सणाचा पारंपरिक हानबोक घालून ओढा ओलांडून गेली. आळीतल्या खिडक्या हळूच उघडल्या आणि बंद झाल्या. मल्सुन आणि थेशिक दोघांनीच पितरांचं ताट मांडलं. नव्या तांदळाचा भात, अळकुडीचं सार, मासे, बोरं, नासपत्या, पाइनच्या पानांवर वाफवलेले सोंगप्यन. मुलानं भरायचा तो पेला थेशिकनं स्वतः भरला. घर मोठं वाटत होतं. दोघांच्या वाकण्याचा, कपड्यांच्या सळसळीचा आवाज ऐकू येत होता.

"बाबांना राग आला असेल का?" थेशिकनं ताटाकडे बघत विचारलं.

"तुमच्या बाबांना कुस्तीचं वेड होतं. ते काल फोन घेऊन पुढेच बसले असते."

थेशिकला हे पटलं. त्यानं आपल्यासाठीही एक पेला भरला.

त्याला फार वेळ उसंत मिळाली नाही. हॉलच्या स्वैपाकघरात वरच्या आळीची हजेरी होती, बाप्यांसकट. निवृत्त मास्तर कांदा चिरताना रडत होते. टपाल वाटणाऱ्या बाईचा नवरा भोपळ्याचे काप अंड्यात घोळवण्याऐवजी अंडीच भोपळ्यावर ओतत होता. थेशिककडे माशांचे काप तळायचं काम होतं. पहिले करपले, दुसरे कच्चे राहिले आणि तिसऱ्या खेपेला त्याला एवढा चेव आला की तो कुणाला उलथनं हातात देईना. खालच्या आळीच्या बायका दाराशी खुर्च्या टाकून, पाय पसरून, पंखा घेत बसल्या होत्या.

"अहो, जरा मीठ कमी घाला हं!"

"गरम गरम आणा! आम्ही जिंकलोय!"

"ते मास्तरांचं नाक पुसा कुणीतरी, सारात पडेल!"

मल्सुनची कंबर बोंबलत होती, हात मात्र झरझर चालत होते. घामानं थबथबलेली, कानांत अजून वाळू असलेली, ती मोठमोठ्यानं हुकूम सोडत होती. आरम सासूला मदत करायला उठली तर खालच्या आळीनं तिला ओढून बसवलं. "आज तू आमची!"

जेवणं चालू असताना दाल्हो पुन्हा माईकपाशी आला. "मंडळी, एक राहिलं. शिल्लाच्या काळी हरलेल्या गटातली एक बाई उठून नाचायची आणि गायची. 'हवेसो, हवेसो' असं काहीतरी. फार करुण आणि फार गोड, म्हणतात."

"चाल कशी?"

"चाल हरवली. कुणालाच ठाऊक नाही."

सगळ्या माना मल्सुनकडे वळल्या. तिनं हात पुसले. "आधी का नाही सांगितलंस, गाढवा?"

"आधी सांगितलं असतं तर कुणी हरलंच नसतं, मावशी!"

ती हॉलच्या मधोमध उभी राहिली. आवाज तिचा गिरणीवर ओरडून ओरडून भसाडा झालेला. सुरुवातीला काही सुचेना. मग तिनं डोळे मिटले, हात पसरले आणि लहानपणी बांधावर बसून ओरडायची तसं, घसा मोकळा सोडून सुरू केलं. "हवेसो! माझी कंबर गेली, हवेसो! नवरा मासे करपवतो, हवेसो! विहिणीनं वाळू चारली, हवेसो, हवेसो!" करुण राहिलं बाजूला, लोक पोट धरून हसत होते. पण 'हवेसो' आलं की सगळे एकत्र म्हणायला लागले, आणि तिसऱ्या खेपेला ढोल आला, चौथ्या खेपेला झांजा. शहरातल्या सुना उठल्या, त्यांनी सासवांना उठवलं.

बुन्नामही उठली. ती नाचत नाचत मल्सुनच्या समोर आली.

"सकाळी तुझ्या पोरानं माझ्या नवऱ्यासाठी पेला भरला," ती ढोलाच्या आवाजात ओरडून म्हणाली. "नीट भरला. काठोकाठ."

"त्याला मीच शिकवलंय," मल्सुन ओरडली.

"तू का नाही आलीस?"

"मी? विहिणीनं सकाळी सकाळी असं येऊन—"

"कसली विहीण? काल तुला वाळूत पाडलंय मी! उद्या ये. आणि पेटीबिटी आणू नकोस, त्या नासपत्या खाऊन माझ्या गाईंचं पोट बिघडलंय."

"गाईंना घातल्यास? एवढ्या महागाच्या!"

"मग काय, पेटीभर मी एकटीनं खायच्या?"

मल्सुननं बुन्नामचा हात धरला आणि दोघी अंगणात आल्या. पूर्वेच्या टेकडीमागून चंद्र निघाला होता, मोठा, पिवळा, अजून डोंगराला चिकटलेला. अंगणात पोरींनी हात धरून फेर धरायला सुरुवात केली होती. चंद्राकडे बघून मनातली इच्छा मागायची असते. बुन्नामनं डोळे मिटून हात जोडले. मल्सुननंही जोडले, पण मिनिटभरच.

"बुन्नाम."

"थांब, मागतेय मी."

"ते नंतर माग. तो शेवटचा डाव, हवेत पाय गुंडाळलास तो, तो कसा केलास?"

बुन्नामनं एक डोळा उघडला. "का?"

"पुढच्या वर्षी पोरं परत माझ्याकडे आणायचीत."

"मग मी शिकवेन होय तुला?"

"शिकवशील. धर." मल्सुननं तिच्या हानबोकच्या घोळाखालून कमरेला हात घातला. "मी असं उचललं. मग?"

"अगं, कपडे फाटतील! रेशमी आहेत!"

"फाटू दे. मग पाय कुठे टाकलास?"

"इथे नाही, वेडे, मागून. मांडीच्या मागून. तुझा भार पुढे येऊ द्यायचा आणि मग... नाही, असं नाही, पाय रुंद ठेव..."

आरम दारात आली आणि किंचाळली. "आई! दोघी! पुरे आता!"

पण तोवर फेरातल्या पोरी हात सोडून ह्यांच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या होत्या, आतून ढोलवाला धावत आला होता, आणि थेशिक हातात उलथनं घेऊन ओरडत होता, "रुंद! पाय रुंद ठेव, मल्सुन!"